गाडी दारात, कागद परदेशात

पासपोर्ट माणसाला असतो हे आपल्या घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मोटरसायकललाही पासपोर्ट लागतो हे मात्र मला वयाच्या चाळिशीनंतर, तेही बँकेच्या परकीय चलन विभागातल्या खुर्चीवर बसल्यावर कळले. त्या पासपोर्टाचे नाव फ्रेंच आहे. कार्ने द पासाज आं दुआन. आमच्या खात्यात आणि मोटारवाल्यांच्या जगात सगळे त्याला नुसते 'कार्ने' म्हणतात. आज त्याच्याविषयी लिहितो आहे, कारण गेल्या काही वर्षांत मराठी घरांतली मुले-मुली मोटरसायकलवरून देशोदेशी निघू लागली आहेत. त्यांचे हारतुरे आणि निरोपाचे फोटो आपण वर्तमानपत्रांत पाहतो. त्या फोटोत कधीच न दिसणारी एक व्यक्ती असते. तिच्याविषयी कुणीतरी बोलायला हवे.

गोष्ट २००७ सालची. पुण्यातल्या आमच्या शाखेत एक निवृत्त शिक्षक आपल्या मुलाला घेऊन आले. अंगात पांढरा बुशशर्ट, हातात कापडी पिशवी, पिशवीत मुदत ठेवींच्या पावत्या. मुलगा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा. नोकरी सोडलेली, आणि नोकरी सोडल्याचा आनंद चेहऱ्यावर लपत नव्हता. त्याला मोटरसायकलवरून लंडनला जायचे होते. मुंबईहून गाडी जहाजाने आखाती बंदरात उतरवायची आणि तिथून पुढे जमिनीवरून. त्यासाठी कार्ने हवे, आणि कार्नेसाठी बँकेची हमी हवी. गाडीची किंमत ८० हजारांच्या आत, आणि हमी हवी दीड लाखाच्या वर.

मी सवयीने विचारले, ''सर, गाडीपेक्षा हमी मोठी कशी?''

उत्तर मुलानेच दिले, आणि तो बरोबर होता. परदेशी गाडी एखाद्या देशात आली की तिथल्या सरकारला पहिली भीती अशी वाटते, की हा पाहुणा गाडी इथेच विकून जाईल आणि आपले आयात शुल्क बुडेल. म्हणून पाहुण्याने एक तर शुल्क रोख भरावे, नाहीतर त्याच्या वतीने कुणी जबाबदार संस्थेने शब्द द्यावा. १९५४ साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीचा करार झाला, त्यात या शब्द देण्याच्या रिवाजाला कायद्याची बैठक मिळाली. शब्द देतात त्या त्या देशांतल्या मोटरसंघटना. आपल्याकडे मुंबईत चर्चगेटजवळची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन हे काम करत आली आहे. आता संघटना कुणाच्या जिवावर शब्द देणार? ती बँकेकडून हमी घेते. बँक कुणाच्या जिवावर हमी देणार? ती घरच्यांच्या ठेवी अडकवून ठेवते. जिथे मोटरगाड्यांवरचे आयात शुल्क जबर असते तिथे गाडीच्या किमतीहून तारण मोठे होते.

म्हणजे परक्या देशाच्या जकात नाक्यावरचा अधिकारी त्या तरुणाकडे पाहतो तेव्हा त्याच्यामागे एक साखळी उभी असते. संघटना, तिच्यामागे बँक, आणि सगळ्यात शेवटी कापडी पिशवी घेतलेले त्याचे वडील. फोटोत न दिसणारी व्यक्ती म्हणतो ती हीच. पण तेव्हा मी जिला शेवटची कडी समजलो ती शेवटची नव्हती, हे मला पुढे कळले.

कार्नेचे पुस्तक दिसायला साधे असते. प्रत्येक पान एका देशासाठी, आणि प्रत्येक पानाचे तीन भाग. गाडी देशात शिरताना अधिकारी एक भाग फाडून घेतो आणि पुस्तकात राहणाऱ्या भागावर शिक्का मारतो. गाडी बाहेर पडताना दुसरा अधिकारी दुसरा भाग फाडतो आणि त्याच राहणाऱ्या भागावर दुसरा शिक्का मारतो. आत आल्याचा एक, बाहेर गेल्याचा एक, असे दोन शिक्के जमले की त्या देशापुरता हिशोब मिटला. जमा आणि नावे. तीस-पस्तीस वर्षे खातेवह्या तपासलेल्या माणसाला या पुस्तकात नवीन काही नव्हते. पुस्तक साधारण वर्षभर चालते, आणि प्रवास संपल्यावर ते संघटनेकडे परत करायचे. सगळे शिक्के जुळले की हमी सुटते.

आमचे काम चोख झाले. पावत्यांवर बँकेचा लिन लागला. ठेवी नवरा-बायकोच्या जोडनावावर होत्या, म्हणून बाईंची सही लागणार होती. सरांनी फॉर्म घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी सही घेऊन आणला. मी सही नमुन्याशी ताडून पाहिली. जुळत होती. त्यापलीकडे मी काही पाहिले नाही.

मुलगा निघण्याआधी पेढे द्यायला आला, तेव्हा त्याने गाडी जहाजावर चढवण्याची हकीकत सांगितली. त्यानंतर अनेकांकडून तसल्या हकीकती ऐकल्या. घरातल्या मुलांना उपयोगी पडतील म्हणून थोडक्यात सांगतो.

मोटरसायकल जहाजाने किंवा विमानाने जाते ती लाकडी पेटीत किंवा सांगाड्यात बांधून. शोरूममध्ये नवी गाडी ज्या सांगाड्यातून येते तो दुकानदार बहुधा भंगारात टाकत असतो. जाणकार लोक तोच मागून घेतात. टाकीतले पेट्रोल काढायचे, बॅटरीच्या तारा सोडवायच्या, आरसे उतरवायचे, पट्ट्यांनी गाडी आवळायची. पेटीचे लाकूड कीड मारण्यासाठी तापवलेले आणि तसा छाप असलेले हवे, नाहीतर पलीकडच्या बंदरावर पेटीच अडते. आणि भाडे वजनावर ठरते अशी आपली समजूत असली तरी खरा मामला जागेचा असतो. विमानाच्या हिशोबात पेटीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६ हजारांनी भागतात आणि येईल ते किलो धरतात. २२० बाय ९० बाय १२० ची पेटी केली तर ते ३९६ किलो होतात, मग आत गाडी २०० किलोची का असेना. पुढचे चाक आणि हँडल काढून पेटी १८० बाय ७० बाय ११० वर आणली तर तीच गाडी २३१ किलोंची ठरते. एका पान्याने इतके पैसे वाचवणारा दुसरा व्यवहार मी बँकेत पाहिला नाही.

समुद्रमार्ग स्वस्त वाटतो, पण त्यात एक मेख असते. कंटेनरमध्ये इतरांच्या मालाबरोबर एक पेटी ठेवायचे भाडे ऐकून माणूस खूश होतो. पलीकडच्या बंदरावर मात्र कंटेनर उघडण्याचे, गोदामाचे, कागदपत्रांचे, क्लिअरिंग एजंटचे असे आकार निघत जातात, आणि सणासुदीच्या सुट्या मध्ये आल्या की डेमरेज चढू लागते. म्हणून 'भाडे किती' असे विचारू नये. 'गाडी गोदीच्या दाराबाहेर माझ्या हातात पडेपर्यंत एकूण किती' असे विचारावे, आणि उत्तर लिहून घ्यावे. बिल ऑफ लेडिंगवरचे नाव पासपोर्टातल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळते का आणि चॅसिस नंबरातला एखादा आकडा इकडचा तिकडे झालेला नाही ना, हे पेटी हलण्याआधी पाहावे. पेटी हलल्यावर पाहून उपयोग नसतो.

हा सगळा खटाटोप मुळात का करावा लागतो, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. महासागर मध्ये आला तर बोट घ्यावीच लागणार, हे समजण्यासारखे आहे. अलास्कापासून अर्जेंटिनाच्या टोकापर्यंत जाणारा सुमारे ३० हजार किलोमीटरचा पॅन-अमेरिकन हायवे पनामा आणि कोलंबियाच्या मध्ये, दारियनच्या जंगलात आणि दलदलीत, शंभरेक किलोमीटर तुटलेला आहे. तिथे सगळ्या मोटरसायकली बोटीत किंवा विमानात चढतात. अडथळा तिथल्या निसर्गानेच घातला आहे. पण आपल्या बाजूला पाहा. १९७९ च्या आधी लंडनहून निघालेल्या बसगाड्या आणि मोटरसायकली इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत अमृतसरला येत, आणि त्यांतले कितीतरी प्रवासी थेट गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत पोचत. इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ता मोडला. अमृतसर ते लाहोर हे अंतर ५० किलोमीटरच्या आसपास आहे. पुण्याहून कुणी लोणावळ्याला जाऊन यावे त्याहून कमी. पण आपल्या पोराला पश्चिमेकडे निघायचे तर त्याने मुंबईला येऊन गाडी पेटीत घालायची. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर अटारीचे दार बंद झाले, तेव्हा उरलीसुरली आशाही गेली. पूर्वेला २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारचा मार्ग धरवत नाही, म्हणून बँकॉकहून गाड्या विमानाने काठमांडूला येतात. उत्तरेला तिबेटमार्गे चीनमधून जाता येते, पण आधीची परवानगी, तिथली तात्पुरती नंबरप्लेट आणि सोबत वाटाड्या, असा तो महागडा मामला आहे.

याच्या उलट नेपाळ. भारतीय मोटरसायकल सुनौलीच्या नाक्यावर जाते, दिवसांच्या हिशोबाने भन्सार भरते आणि पुढे निघते. कार्ने नाही, हमी नाही, कुणाच्या पावत्या अडकत नाहीत. शेजाऱ्यावर विश्वास असला की कागद किती पातळ होतो, याचे हे उदाहरण. २०१५ साली थिंफूला बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी एकमेकांच्या वाहनांसाठी करार केला, पण भूतानने त्याला मान्यता दिली नाही. करारावर सह्या होणे आणि रस्ता उघडणे यांतले अंतर नकाशावर मोजता येत नाही. म्हणून मला असे वाटते, की मोटरसायकलला पेटीत किती प्रवास करावा लागतो यावरून त्या प्रदेशातल्या देशांचे आपसातले नाते ओळखावे.

एल्स्पेथ बिअर्ड नावाची एक इंग्रज मुलगी १९८२ साली वास्तुशास्त्राचे शिक्षण मध्येच थांबवून एका जुन्या बीएमडब्ल्यूवर जगप्रवासाला निघाली. गाडी बोटीने न्यूयॉर्कला, पुढे बोटीने ऑस्ट्रेलियाला, तिथून बोटीने सिंगापूरला, आणि पेनांगहून मद्रासला. सिंगापूरमध्ये तिचा पासपोर्ट आणि कागदपत्रे चोरीला गेली. ती पुन्हा मिळवण्यात काही आठवडे गेले. गाडी शाबूत होती, अंगात बळ होते, रस्ता समोर होता, आणि तरी ती जागची हलू शकत नव्हती. २०२५ साली मुंबईहून निघून डझनावारी देश पार करत ब्रिटनला पोचलेल्या एका मराठी तरुणाची मोटरसायकल नॉटिंगहॅममध्ये चोरांनी पळवली. त्याची पुढे आफ्रिका गाठण्याची उमेद होती. तिथल्या एका व्यापाऱ्याने त्याला दुसरी गाडी दिली, ही माणुसकीची गोष्ट. ब्रिटनमध्ये पाहुण्याच्या गाडीला कार्ने लागत नाही. पण जिथे ते लागते तिथे गाडी चोरीला गेली तरी कागदाच्या लेखी ती देशाबाहेर गेलेली नसते, आणि शुल्काची मागणी येऊ शकते. पोलिसांचा दाखला नसेल तर आणखी कठीण. चोर गाडी नेतो, आणि बिल वडिलांच्या दारी येते.

असो. आमच्या मुलाकडे वळतो.

तो लंडनला पोचला, महिनाभर तिकडे राहिला आणि गाडी जहाजात घालून परत आला. कार्ने संघटनेकडे गेले. तिथे कुणीतरी पाने तपासली, आणि एका देशाच्या पानावर आत आल्याचा शिक्का होता, बाहेर गेल्याचा नव्हता. त्या नाक्यावर पाऊस कोसळत होता म्हणे, मागे ट्रकची रांग होती, अधिकाऱ्याने आपला भाग फाडून घेतला, पुस्तक मिटून हातात दिले, आणि आमच्या चिरंजीवांनी न उघडता ते जॅकेटात टाकून गाडीला किक मारली.

सर माझ्यासमोर येऊन बसले. मुलगा म्हणाला, ''साहेब, गाडी खाली उभी आहे. तुम्हीच बघा.'' मी खाली गेलो. बँकेच्या दारात, पानाच्या टपरीशेजारी, ती धुळकटलेली गाडी उभी होती. सवयीने मी वाकून चॅसिस नंबर वाचला आणि कार्नेच्या झेरॉक्सशी ताडला. एकूण एक आकडा जुळत होता. गाडी माझ्या डोळ्यांसमोर होती, माझा हात तिच्या टाकीवर होता, आणि कागदावर ती अजून हजारो किलोमीटर दूर एका परक्या देशात होती. मी वर आलो आणि सरांना सांगितले, की संघटनेचे मुक्तिपत्र येईपर्यंत मला ठेवी सोडता येणार नाहीत.

मी चुकलो नव्हतो. हमी म्हणजे मला दिसणाऱ्या गाडीविषयीचे माझे मत नव्हे. जो आमच्या दारात येऊन गाडी पाहू शकत नाही अशा परक्या माणसाला दिलेला तो शब्द आहे. त्या माणसाजवळ कागदाशिवाय काही नाही. मी माझ्या डोळ्यांवर विसंबून पावत्या सोडल्या असत्या, तर उद्या बँकेच्या शब्दाला कुणी विचारले नसते. अशा वेळी एक उपाय असतो. आपल्याकडच्या जकात अधिकाऱ्याने गाडी प्रत्यक्ष पाहून ती मायदेशी असल्याचा दाखला द्यायचा, आणि तो दाखला त्या देशाकडे पाठवायचा. अर्ज, तपासणी, पत्रव्यवहार, स्मरणपत्रे. पाच महिने गेले.

त्या पाच महिन्यांत मी एकदा सरांच्या घरी गेलो. एका कागदावर बाईंची सही हवी होती, आणि बाई जिना उतरू शकत नव्हत्या. दोन्ही गुडघे गेले होते. दिवाळीनंतर ऑपरेशन ठरले होते, आणि त्यासाठी ठेवलेले पैसे त्या पावत्यांत होते. हे सरांनी मला कधी सांगितले नव्हते. मी कधी विचारलेही नव्हते. बाईंनी भिंतीला धरून चहा आणला. मी ओशाळून म्हणालो, ''वहिनी, मी तेव्हाच नको म्हणायला हवं होतं.''

त्या म्हणाल्या, ''नको कशाला म्हणायचं? पोरगा जग बघून आला. मला तरी कोण नेणार होतं? पण भाऊ, मला कुणी तो कागद वाचून दाखवायला हवा होता. ह्यांनी बोट ठेवलं तिथं मी सही केली. वाचून दाखवला असता तरी केली असती. पण मग ती माझी सही झाली असती.''

मला नोकरीत दोन बढत्या मिळाल्या, निरोप समारंभात शाल-श्रीफळ मिळाले. पण माझ्या कामाचे इतके नेमके परीक्षण दुसऱ्या कुणी केले नाही. मी सही ताडून पाहिली होती. सही करणारी बाई कोण, तिला काय कळले आहे, हे मी पाहिले नव्हते. साखळीची शेवटची कडी वडील नव्हते. घरात बसलेली ती होती.

पुढे दाखला पोचला, हमी सुटली, ऑपरेशनही झाले. पण ते पाच महिने बाईंनी भिंत धरून काढले, आणि ते कुणाला परत देता आले नाहीत.

म्हणून, वाचकहो, माझे सांगणे दोन्ही बाजूंना आहे. आईबापांना एवढेच, की घरातले पोर, मुलगा असो की मुलगी, अशा प्रवासाला निघते म्हणाले तर लगेच नाही म्हणू नका. २०२३ च्या मार्चमध्ये आपल्याकडची एक मुलगी नऊवारी नेसून मोटरसायकलवरून जग बघायला निघाली, तेव्हा तिला निरोप द्यायला गेटवेवर लोक जमले होते. काळ बदलला आहे, आणि बरा बदलला आहे. पण हमीचा कागद जेवणाच्या ताटांभोवती सगळ्यांनी मिळून वाचा. कोणती ठेव अडकणार, किती काळ, आणि त्या काळात घरात दुखणेबाणे निघाले तर काय करायचे, हे आधी ठरवा. मग खुशाल सही करा. बँकांतल्या माझ्या धाकट्या सहकाऱ्यांना विनंती, की जोडनावाच्या पावतीवर लिन लावताना दोन्ही नावांना समोर बसवून कागद समजावा. दहा मिनिटे जातील, जाऊ द्यात.

आणि निघणाऱ्या मुलांनो, तुम्ही एकट्याने प्रवास करता असे तुम्हाला वाटते. तसे नसते. तुमच्या खिशातल्या त्या पुस्तकात तुमच्या आईचे गुडघे आहेत, वडिलांची उरलेली वर्षे आहेत. नाक्यावर पाऊस असो, मागे ट्रक भोंगे वाजवोत, पुस्तक उघडा आणि पान पाहा. बाहेर गेल्याचा शिक्का डोळ्यांनी दिसला, की मगच गाडीला किक मारा.